फ्लटरमधील फोकस आणि कीबोर्डची व्यवस्था: चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

एका सहकारी पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही सभासद नोंदणीचे ॲप तयार केले, तेव्हा त्यातल्या मुख्य फॉर्ममध्ये २२ रकाने होते. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल क्रमांक, वारसदाराचे नाव, त्याच्याशी असलेले नाते, असा तो नेहमीचाच फॉर्म होता. एजंट दुकानाच्या दारात उभा असतो, एका हातात पावतीपुस्तक असते, दुकानदार गिऱ्हाईक सांभाळत अधूनमधून उत्तरे देत असतो, आणि सगळे टायपिंग एका अंगठ्याने चालते. अशा वेळी प्रत्येक रकान्यासाठी नव्याने बोट टेकवावे लागले किंवा 'पुढे' दाबल्यावर कीबोर्ड मध्येच खाली गेला, तर एजंटाचा धीर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कागदी फॉर्म काढतो. मोबाइल ॲपमध्ये कर्सर कुठे आहे आणि कीबोर्ड कधी वर येतो ही बाब किरकोळ नाही, हे मला या कामाने शिकवले, आणि म्हणूनच गुगलच्या फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनसंचातील फोकस-व्यवस्थेबद्दल (म्हणजे टाइप केलेले कोणत्या रकान्यात जाईल हे ठरवणाऱ्या भागाबद्दल) सविस्तर लिहावेसे वाटले.

माझे मत आधीच सांगतो. ही व्यवस्था विचारपूर्वक रचलेली आहे, अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन्ही प्रकारच्या फोनवर एकदाच लिहिलेल्या कोडमधून काम होते, आणि तिची चाचणी घेता येते. मात्र तिच्या मुळाशी असलेली एक कल्पना नीट समजल्याखेरीज ती हाताशी येत नाही. ती कल्पना अशी, की फोकस आणि कीबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोकस ॲपच्या ताब्यात असतो. कीबोर्ड मात्र फोनच्या मालकीचा असतो आणि फ्लटर त्याला फक्त विनंती करू शकते. ज्या अडचणी नवख्या विकासकाला फ्लटरचे दोष वाटतात, त्यांतल्या बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने उभ्या राहतात.

याचे सर्वांत सोपे उदाहरण अँड्रॉइडवर पाहायला मिळते. रकान्यावर बोट टेकवले की त्याला फोकस मिळतो आणि कीबोर्ड वर येतो. आता 'मागे' केले की कीबोर्ड खाली जातो, पण रकान्याचा फोकस जात नाही. कर्सर तिथेच लुकलुकत राहतो. या स्थितीत ॲपने त्याच रकान्याला पुन्हा फोकस देण्याचा प्रयत्न केला तर काहीच घडत नाही, कारण फोकस आधीच तिथे असल्यामुळे बदल झाला असे व्यवस्था मानत नाही. वापरणाऱ्याने स्वतः रकान्यावर बोट टेकवले तर मात्र कीबोर्ड येतो, कारण तिथे कीबोर्डची मागणी वेगळी केली जाते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा अर्धा दिवस फोनलाच दोष देत होतो. उपाय दोन आहेत: आधी फोकस काढून पुढच्या फ्रेममध्ये (पडदा पुन्हा रंगवला जाईल तेव्हा) परत द्यावा, किंवा मजकुराच्या सिस्टम चॅनलवरून (फोनशी बोलण्याच्या वाटेवरून) कीबोर्ड दाखवण्याचा निरोप थेट पाठवावा. पहिला उपाय मला अधिक सुरक्षित वाटतो.

आता रचनेकडे वळू. फ्लटरमध्ये फोकस घेऊ शकणाऱ्या प्रत्येक विजेटमागे (पडद्यावरच्या घटकाला फ्लटर विजेट म्हणते) त्याच्या फोकसची नोंद ठेवणारा एक फोकसनोड असतो, हे सगळे नोड झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात, आणि त्यांचे गट सांभाळण्यासाठी फोकसस्कोप असतात. नवे पान किंवा नवा डायलॉग उघडला की त्याला स्वतःचा स्कोप मिळतो, आणि जुन्या पानाचा स्कोप आपल्याकडे शेवटी फोकस कोणाकडे होता हे लक्षात ठेवतो. ही स्मरणशक्ती बहुतेक वेळा उपयोगी पडते, पण आमच्या फॉर्ममध्ये तिने एक विचित्र दृश्य निर्माण केले. जन्मतारखेसाठी आम्ही रकाना न ठेवता बटण ठेवले होते. एजंट पत्ता लिहून ते बटण दाबायचा, कॅलेंडर उघडायचे, तारीख निवडली जायची, आणि कॅलेंडर मिटताच कीबोर्ड पुन्हा उसळून वर यायचा, कारण स्कोपने फोकस इमानाने पत्त्याच्या रकान्याकडे परत नेला होता. कॅलेंडर उघडण्याआधी चालू फोकस काढून घेतला की स्कोपची ती आठवणही पुसली जाते आणि कीबोर्ड परत येत नाही. एका ओळीचा उपाय आहे, पण तो कुठे लिहायचा हे कळण्यासाठी स्कोप म्हणजे काय ते माहीत असावे लागते.

सर्वांत महत्त्वाची शिस्त फोकसनोडच्या आयुष्याची आहे, आणि त्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. फोकसनोड हे काही पडद्यावर दिसणारे चित्र नव्हे; ते दीर्घकाळ जगणारे ऑब्जेक्ट आहे. स्टेट (विजेटची टिकून राहणारी माहिती) तयार होताना ते जन्माला घालायचे आणि स्टेट संपताना डिस्पोज, म्हणजे मोकळे, करायचे, हा नियम आहे. माझ्या एका सहकाऱ्याने घाईत फोकसनोड बिल्डच्या, म्हणजे पान पुन्हा पुन्हा रचणाऱ्या फंक्शनच्या, आतच तयार केला, आणि मीही तपासताना ते नजरेआड केले. पुढे जे घडले ते असे: एजंटाने मोबाइल क्रमांकाच्या रकान्यावर बोट टेकवले, कीबोर्ड वर येऊ लागला आणि त्याच क्षणी परत बुडाला. पुन्हा टेकवले, पुन्हा तेच. कारण शोधले तेव्हा साखळी उलगडली. कीबोर्ड वर येताना पडद्याची मोकळी जागा बदलते. आमचे पान ती जागा मीडियाक्वेरीतून (पडद्याची मापे देणाऱ्या सोयीतून) वाचत होते, म्हणून बिल्ड पुन्हा चालत होते. बिल्ड चालले की रकान्याला कोरा करकरीत फोकसनोड मिळत होता, ज्याच्याकडे फोकस नव्हता. आणि फोकस नाही म्हणजे कीबोर्ड खाली. फॉर्मची ग्लोबल की (त्याची ओळखखूण) बिल्डमध्ये तयार केली तरी हुबेहूब हेच लक्षण दिसते. कीबोर्ड वर येता येता बुडत असेल तर सर्वप्रथम बिल्डच्या आत काय काय नव्याने तयार होते आहे ते पाहावे, असे मी आता प्रत्येक नव्या विकासकाला सांगतो.

एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्याची सोय फ्लटरने फार चांगली केली आहे. रकान्याची टेक्स्टइनपुटॲक्शन 'नेक्स्ट' ठेवली की कीबोर्डवर पुढे जाण्याची कळ येते आणि ती दाबल्यावर फोकस आपोआप पुढच्या नोडकडे सरकतो; त्यासाठी २२ नोड हाताने एकमेकांना बांधत बसावे लागत नाही. मात्र 'पुढचा नोड' म्हणजे पुढचा रकानाच असेल असे नाही. पासवर्डच्या रकान्यात उजवीकडे अक्षरे दाखवण्या-लपवण्याचे डोळ्याचे चिन्ह असते. ते बटण असल्यामुळे त्यालाही फोकस मिळू शकतो. पासवर्ड लिहून 'पुढे' दाबले की फोकस त्या डोळ्यावर जातो, डोळ्याला कीबोर्ड लागत नाही, म्हणून कीबोर्ड मिटतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की ॲप अडकले. त्या बटणाला फोकसच्या फेरीतून वगळले की प्रश्न मिटतो. टॅबलेटला बाहेरचा कीबोर्ड जोडून काम करणाऱ्यांना त्या डोळ्यापर्यंत टॅबने पोहोचता येणार नाही, ही त्याची किंमत आहे, आणि ती कुठे मोजायची हे ॲप कोणासाठी आहे यावरून ठरवावे. लांबलचक फॉर्म लिस्टव्ह्यू बिल्डरमध्ये बसवण्याचा मोहही टाळावा. जो रकाना अजून पडद्याच्या जवळपास आलेलाच नाही तो तयारही झालेला नसतो, त्यामुळे फोकसला तिकडे जाता येत नाही. वीस-पंचवीस रकान्यांसाठी साधा स्क्रोल होणारा कॉलम पुरेसा असतो.

कीबोर्ड वर आल्यावर पडद्याचा बराच भाग झाकला जातो, आणि झाकलेल्या भागात नेमका लिहिण्याचा रकाना असू नये, ही अपेक्षा फ्लटर बऱ्याच अंशी स्वतःच पूर्ण करते. अँड्रॉइडवर पडद्यावरचा कीबोर्ड २००९ मध्ये १.५ या आवृत्तीबरोबर आला. पण तो या क्षणी दिसतो आहे का, हे विचारण्याची सरळ सोय २०२० च्या अँड्रॉइड ११ पर्यंत नव्हती, आणि खिडकीची उंची अचानक किती घटली ते मोजून अंदाज बांधावा लागे. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना फ्लटरमध्ये कीबोर्डने व्यापलेली उंची व्ह्यूइनसेट्समध्ये तयार मिळते याचे मोल कळेल. स्कॅफोल्ड, म्हणजे पानाचा सांगाडा, मुळातच कीबोर्डइतका आक्रसतो, आणि फोकस मिळालेला रकाना स्क्रोल होऊन दिसेल अशा जागी येतो. फक्त पान स्क्रोल होणारे हवे. नाहीतर विकासाच्या काळात पानाच्या तळाशी पिवळे-काळे पट्टे उमटतात आणि किती पिक्सेल मावत नाहीत तो आकडा दिसतो.

इथे एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. रकाना दिसेल अशा जागी आणताना फ्लटर त्याच्याभोवती मुळात २० लॉजिकल पिक्सेलची (पडद्याच्या घनतेवर अवलंबून नसलेल्या मापाची) जागा सोडते. रकाना दिसतो खरा, पण त्याच्याखालची चुकीची सूचना किंवा 'जतन करा' हे बटण कीबोर्डखालीच राहते. ही जागा ठरवणाऱ्या स्क्रोलपॅडिंगमध्ये खालची बाजू शंभर-सव्वाशेपर्यंत वाढवली की शेवटच्या रकान्याबरोबर बटणही वर येते. आमच्या एजंटांनी या एका बदलानंतर 'बटण सापडत नाही' ही तक्रार करणे थांबवले. खालून वर येणाऱ्या शीटमध्ये रकाना ठेवायचा असेल तर मात्र शीटची उंची मोकळी सोडून तळाला कीबोर्डइतके पॅडिंग स्वतः द्यावे लागते. ही गोष्ट आपोआप व्हायला हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

रकान्याबाहेर बोट टेकवल्यावर कीबोर्ड मिटावा, अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते. फोनवरच्या ॲपमध्ये फ्लटर ते मुळात करत नाही. पूर्वी संपूर्ण पानावर जेस्चरडिटेक्टर (बोटाचा स्पर्श ओळखणारे विजेट) पसरून हे साधले जाई. आता प्रत्येक रकान्याला 'ऑनटॅपआउटसाइड' ही सोय आहे आणि ती उत्तम चालते. एका रकान्यातून थेट दुसऱ्या रकान्यावर बोट टेकवले तर ते 'बाहेर' धरले जात नाही, कारण मजकुराचे सगळे रकाने एकाच गटात मोडतात. त्यामुळे कीबोर्ड खाली जाऊन पुन्हा वर येण्याची ती त्रासदायक उसळी दिसत नाही. बोट टेकताच ही क्रिया घडते, उचलल्यावर नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पान सरकवायला सुरुवात केल्यावर कीबोर्ड मिटवण्याची वेगळी सोय स्क्रोल होणाऱ्या विजेटमध्ये आहेच.

ओटीपीच्या सहा चौकोनांबद्दल माझे मत ठाम आहे: सहा रकाने आणि सहा फोकसनोड हा मार्ग घेऊ नये. आकडा टाइप केल्यावर पुढे जाणे सोपे असते, परंतु मागे येणे कठीण होते, कारण रिकाम्या रकान्यात खोडण्याची कळ दाबली तर मजकूर बदलतच नाही आणि ॲपला काही कळत नाही. शिवाय संदेशातून आलेले सहाही आकडे पेस्ट केले किंवा आपोआप भरले गेले, तर ते एकाच रकान्यात शिरू पाहतात. एकच खरा रकाना ठेवून त्याच्यावर सहा चौकोनांचे केवळ चित्र काढावे, आणि त्या रकान्याला वन-टाइम-कोडची ऑटोफिल सूचना द्यावी.

आयफोनवर आकड्यांच्या कीपॅडला 'पुढे' किंवा 'झाले' अशी कळच नसते. हा फ्लटरचा दोष नव्हे. त्या फोनचा कीपॅडच तसा आहे. तरीही त्याचा त्रास ॲप वापरणाऱ्याला होतो, आणि पिनकोड, मोबाइल क्रमांक, रक्कम असे आकड्यांचे रकाने ज्या फॉर्ममध्ये लागोपाठ येतात तिथे तो ठळकपणे जाणवतो. कीबोर्डच्या वर 'पुढे' आणि 'झाले' अशी पट्टी दाखवणारी तयार पॅकेजेस मिळतात, आम्हीही तोच मार्ग स्वीकारला. चिन्हांसह आकडे मागितले तर पूर्ण कीबोर्ड येतो आणि त्यात ती कळही मिळते, पण त्यात आकडे लहान असतात आणि उभ्याने टाइप करणाऱ्याच्या हातून चुका वाढतात.

इतर साधनांशी तुलना करायची तर रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवण्याच्या दुसऱ्या साधनात कीबोर्डपासून पान वाचवणाऱ्या घटकाचे वर्तन दोन्ही प्रकारच्या फोनवर वेगवेगळे ठरवावे लागते आणि प्रत्येक पानावर ते जुळवण्यात वेळ जातो. ॲपलच्या स्विफ्टयूआय या साधनात २०२१ च्या आयओएस १५ पासून मिळालेली फोकसस्टेट ही वाचायला फार सुबक आहे. कोणता रकाना चालू आहे हे एका चलात कळते, आणि फ्लटरमध्ये तसे काही असते तर मला आवडले असते. पण ती फक्त ॲपलच्या उपकरणांसाठी आहे. फ्लटरचा खरा वरचढपणा मला चाचणीत दिसतो. विजेट टेस्टमध्ये रकान्यात मजकूर भरता येतो, कीबोर्डची 'नेक्स्ट' कळ दाबल्याचा आभास निर्माण करता येतो, आणि कीबोर्ड दिसतो आहे असे ॲपला वाटते का तेही तपासता येते. आमच्याकडे पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत 'पुढे' दाबत जाणारी एक चाचणी प्रत्येक बदलानंतर चालते, आणि डोळ्याच्या चिन्हासारखी आगंतुक बटणे तिच्यात लगेच सापडतात. गोंधळ झालाच तर फोकसचे संपूर्ण झाड कन्सोलवर छापून पाहता येते. फॉर्मच्या तपासणीत मात्र एक उणीव आहे: ती चुकलेले रकाने लाल करते, पण त्यांतल्या पहिल्या रकान्यावर कर्सर नेत नाही, ते काम स्वतः लिहावे लागते.

शेवटचा भाग मराठीत टाइप करण्याचा आहे, आणि मराठी वापरणाऱ्यांसाठी ॲप लिहिणाऱ्या प्रत्येकाने इकडे लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपले अनेक लोक रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. अशा वेळी शब्द पूर्ण होईपर्यंत तो कच्चा असतो. त्याच्याखाली रेघ दिसते, आणि फ्लटर त्या भागाला कंपोझिंग रेंज म्हणते. रकान्यात जे दिसते ते अजून कीबोर्डच्या हातात आहे असा त्याचा अर्थ. आम्ही नावातली जादा मोकळी जागा काढण्यासाठी प्रत्येक अक्षरानंतर कंट्रोलरचा (रकान्यातला मजकूर सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टचा) मजकूर नव्याने लिहीत होतो. असे केले की कंपोझिंग रेंज पुसली जाते आणि कर्सरचे स्थानही हरवते. इंग्रजी टाइप करताना कोणाच्या ते ध्यानात आले नाही. पण मराठी नाव लिहिताना अर्धा शब्द रोमन, अर्धा देवनागरी असा उतरू लागला आणि कर्सर भलतीकडे जाऊ लागला. नावात फक्त देवनागरीच चालेल अशी गाळणी लावल्यावर आणखी बिघडले, कारण जे कीबोर्ड कच्चा शब्द रोमनमध्ये ठेवून मग बदलतात त्यांची अक्षरे ती गाळणी वाटेतच अडवत होती.

मार्ग सापडला तो फोकसमध्येच. लिहीत असताना मजकुराला हात लावायचाच नाही; फोकसनोडवर लिसनर (बदल झाल्यावर चालणारे फंक्शन) ठेवायचा आणि रकान्याचा फोकस गेला की मगच जादा जागा काढायची, लिपी तपासायची, आणि दोष असेल तर सूचना दाखवायची. रकाना सोडतानाच तपासणी करण्याचा पर्याय आता फॉर्ममध्ये तयार मिळतो, तोही आम्ही चालू केला. ठरावीक अक्षरांनंतर फोकस आपोआप पुढे सरकवण्याची युक्ती नावांच्या रकान्यांतून काढून टाकली, कारण कच्चा शब्द पक्का होण्याआधीच फोकस हलला तर तो तसाच रोमनमध्ये मागे राहू शकतो. या बदलानंतर आम्ही वेगवेगळे मराठी कीबोर्ड असलेल्या फोनवर 'सूर्यकांत' हे एकच नाव पुन्हा पुन्हा लिहून पाहिले. रफार जागेवर उमटतो, कर्सर हलत नाही, आणि 'पुढे' दाबल्यावर कीबोर्ड न मिटता फोकस वारसदाराच्या रकान्यावर जातो.